रुळांकडेचा माठ, नाल्याचा पालक : पालेभाजीतलं शिसं-कॅडमियम आणि आपलं ताट

मुलुंडकरीण

मंडळी, गेले चार दिवस आमच्या घरात पालेभाजी शिजलेली नाही. सासूबाई गप्प आहेत, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

झालं असं. सोमवारी त्यांनी स्टेशनबाहेरून लाल माठाच्या दोन जुड्या आणल्या. पानं इतकी टवटवीत की नजर लागावी. निवडायला बसल्या आणि नेमका तेव्हाच ह्यांच्या फोनवर कुणीतरी पुढे ढकललेला मेसेज आला : मुंबईतल्या पालेभाजीत शिसं मर्यादेच्या वीसपट, खाल तर किडनी गमवाल. सोबत रुळांच्या कडेच्या हिरव्यागार वाफ्यांचा फोटो. ह्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. माठ कचऱ्याच्या डब्यात. सासूबाई म्हणाल्या, "पन्नास वर्षं खातेय, मेले नाही," आणि उठून गेल्या.

आता मला खरंच कळत नाहीये. धाकटी नऊ वर्षांची आहे, तिचं हिमोग्लोबिन कायम काठावर, डॉक्टर म्हणतात पालेभाज्या वाढवा. इकडे मेसेज म्हणतो बंद करा. हे धातू भाजीत येतात कुठून, धुऊन जातात का, किती खाल्लं की त्रास होतो, आणि आमच्यासारख्या रोज कोपऱ्यावरच्या मावशींकडून घेणाऱ्यांनी करायचं काय? इथे जाणकार आहेत म्हणून विचारतेय. घाबरवणारे व्हिडिओ कृपया नकोत, ते घरात भरपूर झालेत.

बेरकी_बोका

सासूबाईंना आधी सॉरी म्हणा, मग धागा वाचा.

गँगमनचा_पोरगा

रुळांकडेच्या भाजीबद्दल थोडं लिहितो, कारण मी तिच्यावरच वाढलोय.

वडील रेल्वेत गँगमन. 'ग्रो मोअर फूड' नावाची योजना होती, रुळांलगतची मोकळी जमीन पडीक राहू नये आणि तिच्यावर अतिक्रमण होऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांना कसायला द्यायची. वडिलांच्या वाट्याला कुर्ला-विद्याविहारच्या मधला चिंचोळा पट्टा आला होता. बहुतेकांनी केलं तेच त्यांनीही केलं, जमीन दुसऱ्याला कसायला दिली. आमच्याकडे कसणारं कुटुंब यूपीचं होतं. सहाही माणसं पहाटेपासून वाफ्यात. पालक, लाल माठ, मुळा, मायाळू, मधेच भेंडी. माठ तीन-चार आठवड्यांत काढणीला येतो, म्हणून त्यांचा जीव त्याच्यावर. पाऊस संपला की पाणी लागायचं. नळाचं पाणी कोण देणार? शेजारून नाला जायचा, त्यात पंप सोडायचा. वास यायचा, पण भाजी अशी फोफावायची की विचारू नका. सांडपाण्यात नत्र-स्फुरद भरपूर, खत विकत घ्यायला नको.

तुमच्या सासूबाईंना ती टवटवी दिसली ना, ती ह्या पाण्याचीही असू शकते. टवटवीतपणा हा स्वच्छतेचा पुरावा नाही, एवढंच.

त्या नाल्याला वरच्या अंगाला काय काय मिळायचं हे मी लहानपणी फिरून पाहिलंय. घरांचं सांडपाणी होतंच. शिवाय गॅरेजचं तेल, भंगारवाल्यांनी फोडलेल्या बॅटऱ्या, मुलामा चढवणारी दोन खोल्यांची वर्कशॉपं. पाण्याचा रंग वारावारी बदलायचा. आम्ही मुलं पैज लावायचो आज कुठला रंग येणार. हल्ली त्या बाजूचे बरेच वाफे दिसत नाहीत, कुठे भिंत झाली, कुठे नव्या मार्गिकेचं काम. पण नाल्याच्या पाण्यावरची भाजी शहरातून गेली असं समजू नका, ती फक्त लोकलच्या खिडकीतून दिसेनाशी झाली.

आणि हो, आम्हीही ती भाजी खाल्ली. आई तीन पाण्यांतून काढायची.

कल्याणकर७७

'शहरातून' म्हणताय, आमच्याकडे या. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगर करत कल्याणला येते. वाटेत कारखाने आणि कापड रंगवणारे धंदे. काठावर मोटार टाकून भाजी काढणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. ती भाजी सकाळी हातगाडीवर 'गावठी पालक' म्हणून मिळते. गावठी!

मोजपट्टी

अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं काढलीत, त्यामुळे 'वीसपट'चा समाचार आधी घेतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

पालेभाजीत शिशाची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ०.२ मिलिग्रॅम आहे. कोडेक्स नावाची अन्नमानकांची जागतिक यंत्रणा आहे, तिचे हे आकडे. ही मर्यादा ताज्या भाजीसाठी आहे, बाजारातून आणली तशा, पाण्यासकट.

आता शोधनिबंधात काय करतात? भाजी आणतात, धुतात, भट्टीत कोरडी करतात, पूड करतात, आम्लात विरघळवून यंत्रात घालतात. आकडा छापतात तो कोरड्या वजनावर. त्यात चूक काही नाही, शास्त्रात तसंच करतात. पण पालकात सुमारे ९१ टक्के पाणी असतं. म्हणजे किलोभर पालक वाळवला की नव्वद-शंभर ग्रॅम उरतो, आणि सगळा धातू त्या शंभर ग्रॅमात जमा होतो.

समजा, एखाद्या निबंधात लिहिलंय की पालकात शिसं किलोला ६ मिलिग्रॅम सापडलं. बातमीदार ०.३ ने भागतो : वीसपट! मथळा तयार. पण तो ६ चा आकडा कोरड्या पुडीचा असेल, तर ताज्या पालकात ते साधारण ०.५४ येतं. म्हणजे मर्यादेच्या पावणेदोन पटीच्या आसपास.

पावणेदोन पट म्हणजे ठीक आहे असं मी म्हणत नाहीये. ते मर्यादेबाहेरच आहे आणि माझ्याकडे असा नमुना आला तर मी नापासच करेन. पण वीसपट आणि पावणेदोन पट यांत माठ कचऱ्यात टाकण्याइतका फरक आहे. पुढच्या वेळी मेसेज आला की पहिला प्रश्न विचारा : आकडा कोरड्या वजनाचा की ओल्या? उत्तर मिळालं नाही तर तो मेसेज तुम्हीही पुढे ढकलू नका.

मुलुंडकरीण

मोजपट्टी, हे ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पण पावणेदोन पट आहेच ना?" हरले मी.

मोजपट्टी

हा:हा:, बरोबर आहेत ते. मग पुढचा हिशेबही द्या त्यांना.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची एक संयुक्त तज्ज्ञ समिती आहे. तिने २०१० साली कॅडमियमची सहन होण्याजोगी मर्यादा ठरवली : शरीराच्या दर किलो वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम. महिन्याची, दिवसाची नव्हे, कारण कॅडमियम एका जेवणाने काही करत नाही, ते साठत जातं.

साठ किलोचा माणूस. महिन्याला १५०० मायक्रोग्रॅम. तो रोज १०० ग्रॅम पालक खातो आणि पालक बरोब्बर मर्यादेवरचा आहे, ०.२ वाला. रोज २० मायक्रोग्रॅम, महिन्याला ६००. म्हणजे एकट्या पालकाने चाळीस टक्के जागा खाल्ली. उरलेल्यात भात, पोळी, बटाटा, मासे सगळं बसवायचं. आता तोच पालक ०.५ वाला निघाला तर रोज ५०, महिन्याला १५००. ताट भरलं, बाकी काही खायच्या आधीच.

मुलांचं गणित जास्त कडक. पंधरा किलोच्या पोराची मर्यादा महिन्याला ३७५. ते रोज ४० ग्रॅम खाल्लं तरी, मर्यादेत बसणाऱ्या भाजीनेही, २४० होतात.

पण मला सांगा, तुमच्या घरात कोण रोज, वर्षभर, एकाच जागचा पालक खातं? हे गणित सगळ्यात वाईट धरून केलंय. आठवड्यातून दोनदा पालक म्हटलं की आकडा तिथल्या तिथे तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतो. धोका एका जुडीत नाही, एकाच वाफ्याची जुडी वर्षानुवर्षं घरात येण्यात आहे.

शिशाचं मात्र असं गणित मांडता येत नाही. त्याच समितीने त्याच वर्षी शिशाची जुनी आठवडी मर्यादा मागे घेतली, कारण अमुक इतकं चालेल असं सांगायला आधारच उरला नाही. मुलांच्या मेंदूवर अगदी कमी पातळीलाही परिणाम दिसतो. तिथे धोरण एकच, जितकं कमी तितकं बरं.

बेरकी_बोका

म्हणजे मुळात पालक गुन्हेगार की नाही? वकिली भाषेत न बोलता सांगा.

मोजपट्टी

वरिष्ठ न्यायालयात अपील प्रलंबित. :)

गंमत बाजूला. दोन धातू दोन वेगळ्या वाटांनी येतात, आणि स्वयंपाकघरात हाच फरक कामाला येतो.

कॅडमियम मुळातून येतं. पाण्यात विरघळतं, झाडाला ते जस्तासारखं वाटतं, मुळं उचलून पानात नेऊन ठेवतात. पालक त्यात वाकबगार. भेंडी, दुधी, वांगं यांच्या फळांपर्यंत त्यामानाने कमी पोचतं. जमीन आम्लधर्मी असेल तर जास्त उचललं जातं. चुना टाकला, शेणखत भरपूर घातलं की ते मातीत अडकून पडतं. आणि ते फक्त कारखान्यातून येतं असंही नाही. फॉस्फेटी खत ज्या खडकापासून बनतं त्यातच ते थोडं असतं. म्हणजे नाशिककडच्या स्वच्छ शेतातही शून्य नसणार.

शिसं आळशी. मातीला चिकटून बसतं, मुळातून वर फारसं चढत नाही. पानावर सापडतं ते बरंचसं बाहेरून बसलेलं, रस्त्याची धूळ, उडालेली माती, जुन्या रंगाची भुकटी. शिसंयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, पण तोवर रस्त्याकडेला जे बसलं ते मातीत तसंच आहे, ते कुठे जात नाही.

म्हणून धुण्याने शिसं बऱ्यापैकी उतरतं, कॅडमियम नाही उतरत. गँगमनच्या आईंची तीन पाणी अगदी शास्त्रशुद्ध. फक्त भाजी पातेल्यात घालून वरून पाणी ओतून देऊ नका. मोठ्या पातेल्यात बुडवा, हलवा, पानं हाताने वर उचलून घ्या, गाळ खाली राहू द्या. शेवटचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मीठ, चिंच, बाजारातलं महागडं भाजीचं वॉश, ह्यांनी पृष्ठभागावरची घाण निघायला हातभार लागतो, पानाच्या आतलं काही बाहेर येत नाही.

पांढराकोट

डॉक्टर आहे, पण धागाकर्तीच्या मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजावं.

नऊ वर्षांच्या, हिमोग्लोबिन काठावर असलेल्या मुलीची पालेभाजी धातूंच्या भीतीने बंद करणं हा उलटा उपाय आहे. कारण आतड्यात लोह ज्या दारातून आत शिरतं, बऱ्याच अंशी त्याच दारातून शिसं आणि कॅडमियमही शिरतात. शरीरात लोह कमी असलं की शरीर ती दारं वाढवतं. मग लोहाबरोबर हे पाहुणेही जास्त आत येतात. कॅल्शियम कमी असेल तर शिशाचं तसंच. लहान मुलं मुळातच मोठ्यांच्या कितीतरी पट शिसं शोषून घेतात. आपल्याकडे १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं. आता बघा, ज्यांना भाजीची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्यातच धातू शिरायला वाटही मोकळी.

म्हणून भाजी सुरू ठेवा, लिंबू पिळा, ताटात डाळ-उसळ, दूध-दही किंवा नाचणी असू द्या. पालकाच्या लोहावर फार विसंबू नका, त्यातलं ऑक्झलेट बरंच अडवतं. माठ, शेवग्याचा पाला, राजगिरा हेही फिरवत राहा. हिमोग्लोबिन खरंच कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळीला भाजी हा पर्याय नाही.

किडनीबद्दल. कॅडमियम किडनीत जाऊन बसतं आणि तिथून निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. त्याचं सगळ्यात भयंकर रूप जपानने पाहिलं. तोयामा भागात जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला खाण होती, तिचं पाणी भाताच्या शेतात. वर्षानुवर्षं तोच भात खाऊन प्रामुख्याने उतारवयाच्या, अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकला आला तरी मोडत. रोगाचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ साली सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. मात्र तिथे रोजचं मुख्य अन्नच दूषित होतं. आठवड्यातून दोनदा खाल्लेल्या पालकाशी त्याची बरोबरी करून घाबरवू नये.

पांढराकोट

एक राहिलंच. धागाकर्तीचे यजमान सिगारेट ओढतात का? खवचटपणे विचारत नाहीये. तंबाखूचं झाड पानात कॅडमियम साठवण्यात पालकालाही मागे टाकतं. ओढणाऱ्याच्या शरीरात न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट कॅडमियम असतं, कारण फुप्फुसातून ते पोटापेक्षा कितीतरी सहज शोषलं जातं.

मुलुंडकरीण

...ओढतात. दिवसाला सहा. गॅलरीत जाऊन.

सासूबाईंना हे वाचून दाखवलं. चार दिवसांनी हसल्या.

बेरकी_बोका

माठाचा सूड! धागा पैसे वसूल.

गिरणगावकर

आमच्या आजी-मावश्या मिश्री लावायच्या, त्यात पण तेच ना? लालबागच्या चाळीत सकाळी नळावर मिश्रीचा वास आणि तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा धूर. त्याबद्दल कुणी मेसेज ढकलला नाही कधी.

अवांतर : कुणीतरी मला पाठवलंय की कोथिंबिरीचा रस पोटात घेतला की शरीरातले जड धातू निघून जातात. खरं का?

पांढराकोट

नाही. आणि कोथिंबीरही पालेभाजीच आहे, तीही त्याच वाफ्यात उगवते, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं.

ह्या निमित्ताने एक इशारा. हल्ली 'हेवी मेटल पॅनेल' म्हणून तपासण्या विकल्या जातात. शरीरातले धातू ओढून काढणारं औषध देऊन मग लघवी तपासायची, आणि त्यात धातू दिसले की 'शरीर शुद्ध' करायला सलाईन. औषध दिल्यावर लघवीत धातू वाढणारच, निरोगी माणसाच्याही. त्या आकड्याला अर्थ नाही, आणि विनाकारण दिलेल्या त्या औषधाने शरीरातलं कॅल्शियम उतरून जीवही गेलेले आहेत. खरी शंका असेल, म्हणजे घरात बॅटरी किंवा भंगाराचा धंदा, जुन्या रंगाची खरवड, मूल माती खातंय, तर शिरेतून रक्त घेऊन शिशाची साधी तपासणी पुरे. एवढं सांगून थांबतो, नाहीतर धागा दवाखाना होईल.

शेवग्याची_शेंग

मी गच्चीवर लावते! थर्माकोलच्या मासळीच्या खोक्यांत माठ, चुका, पुदिना. निदान माझी भाजी तरी निर्धोक ना?

मोजपट्टी

पाणी नळाचं म्हणजे अर्धी लढाई जिंकलात. पण माती कुठली?

जुन्या इमारतीची गच्ची असेल तर भिंतीचे पोपडे आधी बघा. घरगुती रंगात शिसं दशलक्षाला ९० भागांपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचे रंग खरवडून ते कुंडीत पडत असतील तर तुम्ही नाल्याला नावं ठेवू शकत नाही. रंगाचे रिकामे डबेही कुंडी म्हणून नकोत. आणि 'शहर कंपोस्ट' विकत घेत असाल तर पोत्यावरचं विश्लेषण वाचा. सरकारी खत नियंत्रण आदेशात त्याला शिसं किलोला १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. मिश्र कचऱ्यातून बनलेलं खत असलं की बॅटरी, सेल सगळं त्यात आलेलं असतं. स्वतःच्या ओल्या कचऱ्याचं खत सगळ्यात उत्तम.

शेवग्याची_शेंग

पोपडे आहेत हो. आहेतच. उद्या खोकी हलवते.

बावखल

नमस्कार. सगळं वाचलं. मी वसईचा, भुईगावकडे घरची वाडी आहे, आई अजून बोरिवलीला टोपली घेऊन जाते.

तुम्ही सगळे नाल्याच्या भाजीबद्दल बोलताय ते बरोबर असेल. पण असा एक मेसेज फिरला की पुढचे दहा दिवस आईच्या टोपलीतली भाजीही तशीच परत येते. आमची भाजी विहिरीच्या आणि बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यावरची. पण गिऱ्हाईक म्हणतं, "मावशी, सगळे असंच सांगतात." तिने काय दाखवायचं? मेथी संध्याकाळपर्यंत मान टाकते, ती फेकायची. नाल्यावाला उद्या दोन रुपये कमी लावून विकणारच आहे. तोटा आमचा.

आणि नाल्यावर पिकवणारा कोण मोठा आहे? गँगमनभाऊंनी लिहिलं तसं, तोही पोटासाठीच. घाण त्याने नाही सोडली पाण्यात. वरच्या अंगाला मुलामा देऊन आम्ल नाल्यात ओतणारा रात्रीत शटर ओढून मोकळा, आणि वाफा तुडवायला मात्र सगळे येतात.

गिऱ्हाइकांनी एवढंच करावं. भाजी कुठून येते ते रोज विचारावं, आणि एकाच बाईकडून घ्यावी. चार दिवसांनी तीही खरं सांगते. जी दहा जणींचा माल उचलते तिला स्वतःलाच माहीत नसतं. टोपलीत एकाच वेळी आठ प्रकार आणि सगळे सारखेच टवटवीत असतील तर तो घाऊक बाजाराचा माल, वाडीचा नाही. वाडीवर एका दिवशी दोन-तीनच भाज्या निघतात. पानावर भोकं असली तर तोंड वाकडं करू नका.

गँगमनचा_पोरगा

बावखल, मनापासून अनुमोदन. आमच्या पट्ट्यावर एकदा वाफे उखडले होते. त्या घरातली म्हातारी रुळांकडेला बसून निवडलेल्या माठाच्या जुड्या बांधत होती, उखडणारे निघून गेल्यावरही. नाला तसाच वाहत होता, त्या दिवशी बहुतेक निळा.

कल्याणकर७७

पण मग तपासायचं कुणी? बाजारात अन्न निरीक्षक दूध, मावा, तेल तपासतात. दिवाळीत तर बातम्याच बातम्या. पालकाची जुडी उचलून नेताना मी कुणाला पाहिलं नाही.

मोजपट्टी

कारण किचकट आहे. दुधाची भेसळ कुणीतरी केलेली असते, त्याच्यावर खटला भरता येतो. भाजीतल्या धातूचा मालक कोण? आणि जुडी तपासून अहवाल यायला दिवस लागतात, तोवर ती लोकांच्या पोटात. बाजारात भाजी पकडण्यापेक्षा पाणी आणि माती शेतावर तपासली तर एकदाच्या चाचणीने वर्षभराचं चित्र मिळतं.

तुम्हाला स्वतःला करायचं असेल तर सोसायटीतल्या पाच-सात घरांनी मिळून एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत एक नमुना द्या. 'ताज्या वजनावर निकाल द्या' असं लिहून द्या. एका जुडीचा निकाल म्हणजे बाजाराचा निकाल नव्हे हेही लक्षात असू द्या, निदान वेगवेगळ्या दिवशी तीन-चार नमुने हवेत.

आणि हिरवा रंग लावलाय का ही वेगळी शंका. भाजी मोरचुदाच्या किंवा मॅलेकाइट ग्रीनच्या पाण्यात बुडवतात. त्यातल्या मॅलेकाइट ग्रीनसाठी घरी करता येते अशी चाचणी आहे : कापसाचा बोळा लिक्विड पॅराफिनमध्ये भिजवून भेंडीवर, मिरचीवर घासा. बोळा हिरवा झाला तर रंग लावलेला आहे. शिसं-कॅडमियमसाठी मात्र घरगुती चाचणी नाही. चांदीचा चमचा काळा पडतो वगैरे भाकडकथा.

शेवग्याची_शेंग

उकळून पाणी टाकून दिलं तर?

मोजपट्टी

थोडं उतरतं, भरवशाचं नाही. पालकाचं ऑक्झलेट मात्र नक्की कमी होतं, आणि त्याबरोबर फोलेट आणि क जीवनसत्त्वही मोरीत जातं. भाताच्या बाबतीत उलट, भरपूर पाण्यात शिजवून पेज काढली तर आर्सेनिक खरंच कमी होतं. कोकणातली जुनी पद्धत. फक्त पेज मग गाईला द्या, स्वतः पिऊ नका.

सांडपाण्याच्या भाजीत जंतू आणि जंतांची अंडी ही धातूंपेक्षा तातडीची भानगड आहे. टायफॉइड उद्या होतो, कॅडमियम वीस वर्षांनी. शिजवल्याने ती भानगड मिटते. म्हणून कच्चा पालक घालून 'ग्रीन स्मूदी' पिणाऱ्यांनी जरा जपावं. रोज, एकाच प्रकारचं, कच्चं, आणि भरपूर. माझ्या वरच्या वाईट गणितात बसणारे हेच एक गिऱ्हाईक.

बेरकी_बोका

माझ्या बायकोला हा परिच्छेद कसा दाखवू, जेणेकरून मी जिवंत राहीन?

गिरणगावकर

आमच्या घरी आठवडा ठरलेला असायचा. सोमवारी मेथी, मग शेपू नाहीतर चवळई, शनिवारी अळूचं फदफदं. पावसाळ्यात आदिवासी बाया टाकळा, कुर्डू, शेवळं घेऊन येत, तेव्हा पालक घरात दिसतच नसे. तेव्हा कुणाला कॅडमियम माहीत नव्हतं. एकच भाजी रोज खाऊन तोंड विटतं म्हणून.

मोजपट्टी

काका, माझे अठरा वर्षांचे तक्ते एका बाजूला आणि तुमचा आठवडा एका बाजूला. फक्त रानभाजी हायवेच्या कडेची खुडलेली नको.

मुलुंडकरीण

सगळ्यांचे आभार. हकिगत सांगते आणि स्वयंपाकाला लागते.

काल कोपऱ्यावरच्या मावशींना विचारलं, "मावशी, माठ कुठला?" आधी म्हणाल्या, "ताजाय, घ्या." पुन्हा विचारलं. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "आजचा नका घेऊ. हा पलीकडून आलाय. मेथी घ्या, ती नाशकाची, रात्रीच्या गाडीने उतरली." पलीकडून म्हणजे कुठून ते नाही सांगितलं. मीही ताणलं नाही. मेथी घेतली, पाच रुपये जास्त दिले. गुरुवारी वसईचा माठ येतो म्हणाल्या, भोकं असतात पानाला, चालेल का?

सासूबाईंनी मेथी निवडली. तीन पाणी, हाताने वर उचलून. तिसऱ्या पाण्यालाही तळाशी वाळू होती, ती त्यांनी ह्यांना मुद्दाम बोलावून दाखवली. ह्यांनी काल चार ओढल्या.

बावखल, तुमच्या आई बोरिवलीला कुठल्या बाजूला बसतात? माझी बहीण तिथेच राहते.

बावखल

पश्चिमेला, पुलाखाली. सकाळी साडेनऊपर्यंतच असते. मंगळवारी नसते, मंगळवारी वाडीवर चुना टाकायचाय, मोजपट्टींनी सांगितल्यापासून मागे लागलीय.